डॉ. जेरुशा झिराड : आपल्या समाजाची थोर डॉक्टरीण



आमच्या शॉमबर्ग गावात किंवा शिकागोच्या आसपास कोणत्याही दवाखान्यात गेले आणि तेथे भारतीय नावाच्या डॉक्टरीणबाई भेटल्या, तर आज कुणालाच त्याचे नवल वाटत नाही. गोरे, काळे, स्पॅनिश बोलणारे, सगळेच रोगी त्यांच्यापुढे निमूटपणे नाडी धरतात. येथे जन्मलेली आमची नातवंडे तर हे पूर्वीपासून असेच चालत आले आहे असे समजतात. त्यांचा दोष नाही. आपल्या जन्माआधीच कुणी उघडून ठेवलेले दार एकेकाळी बंद होते, हे त्यांना कोण सांगणार? म्हणून या खेपेस आपल्या समाजातील थोर डॉक्टर, कै. डॉ. जेरुशा झिराड यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना त्यांचे नाव ठाऊक आहेच. परंतु त्यांच्या वाटेत कोणत्या अडचणी होत्या आणि त्या कुणी घातल्या होत्या, हे सहसा सांगितले जात नाही.

आधी आमच्या गावाविषयी दोन शब्द. आज ज्याला शॉमबर्ग म्हणतात तो सगळा मुलूख एकेकाळी शेतीचा होता. १८५० च्या सुमारास जर्मन शेतकरी येथे आले, त्यांनी आपल्या मायदेशाच्या मुलखाचे नाव गावाला दिले आणि १८७० पर्यंत येथील जवळजवळ सारी जमीन त्यांच्याच हाती गेली. त्या वेळी गावकीचा मान जर्मन बोलणाऱ्याचा, आणि जो जर्मन नाही तो परका. पुढे १९५६ मध्ये रीतसर गाव स्थापन झाले, १९७१ मध्ये वुडफील्डचा प्रचंड बाजार उभा राहिला, जगभरची माणसे आली आणि तो जुना मान कुठे विरून गेला ते कुणाला कळलेही नाही. आपला कोण आणि परका कोण, हे देवाने ठरविलेले नसते. माणसेच ठरवितात आणि माणसेच पुढे विसरतात. मात्र जोवर ते चालू असते तोवर ज्याला सोसावे लागते त्याला ते दगडात कोरल्यासारखे वाटते.

याच शिकागोत १८६५ मध्ये मेरी थॉम्प्सन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी स्त्रिया व मुलांसाठी वेगळे रुग्णालय काढले. त्या काळी स्त्री डॉक्टरला इतर रुग्णालयांत कामाला जागा मिळत नसे. १८७१ च्या मोठ्या आगीत ते रुग्णालय जळाले, तरी त्यांनी ते पुन्हा उभे केले. शिकलेल्या, सुधारलेल्या म्हणविणाऱ्या अमेरिकेत ही स्थिती, तर मुंबईत काय असेल?

मुंबईत स्त्रियांच्या आजाराची स्थिती आपल्या आज्यापणज्यांनी भोगलेली आहे. परपुरुषाने बाईच्या अंगाला हात लावू नये, ही घराण्याच्या अब्रूची गोष्ट. हिंदू, मुसलमान, पारशी, आपण, सगळ्यांच्या घरी थोड्याफार फरकाने हाच रिवाज. बाळंतीण अडली तर सुईण होती, आणि सुईणीचे हात टेकले तर देवाचे नाव होते. डॉक्टर बोलावलाच तर तो पडद्याबाहेर बसून विचारणार आणि आतून सासूबाई सांगणार. अशाने किती जीव गेले असतील याची मोजदाद नाही. घराण्याची अब्रू बाईच्या देहात ठेवलेली; पण त्या देहाची काळजी घेणे मात्र कुणाचेच काम नव्हते.

यातून वाट काढण्यासाठी १८८० नंतर मुंबईत चळवळ झाली. जॉर्ज किट्रिज नावाचे एक अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बेंगाली हे पारशी गृहस्थ यांनी पुढाकार घेऊन निधी उभारला. १८८३ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार मुलींना उघडले. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी मोठी देणगी दिली आणि १८८६ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले. तेथे डॉक्टर स्त्रियाच असाव्यात असे ठरले. इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पेची पहिल्या प्रमुख झाल्या. पुरुष डॉक्टरांच्या बरोबरीने स्त्री डॉक्टरांना पगार मिळावा म्हणून त्या भांडल्या.

त्यांच्याच मदतीने डॉ. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. रखमाबाईंची हकीकत वाचकांना आठवत असेल. बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याच्या घरी नांदायला त्यांनी नकार दिला. १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला, आणि त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी ठेवली. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली. स्वतःच्या देहावर स्वतःचा हक्क सांगणाऱ्या बाईला सारे शहर त्या वेळी काय काय बोलले, ते आता वाचले तरी शरम वाटते.

अशा काळात, १८९० च्या सुमारास, म्हैसूर संस्थानातील शिमोगा येथे जेरुशाबाईंचा जन्म झाला. वडिलांचे नाव जेकब. आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावाचे. म्हणजे मूळ आपल्या कोकणातलेच घराणे. लहानपणी त्यांची बहीण फार आजारी पडली आणि कामा हॉस्पिटलात डॉ. अॅनेट बेन्सन यांच्या उपचाराने वाचली. तेव्हाच या मुलीने मनाशी ठरविले, की आपण डॉक्टर व्हावे, आणि याच हॉस्पिटलचा कारभार एक दिवस आपल्या हाती यावा. मुलीने असे काही मनात आणणे त्या काळी किती अवघड होते, याची कल्पना आज येणार नाही. बहुतेक घरी मुलगी चौदा-पंधराची झाली की स्थळे पाहू लागत.

आपल्या समाजात मात्र एक गोष्ट चांगली होती. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली तेव्हापासून शिक्षणाची ओढ लागली होती. जेरुशाबाईंच्याच बरोबरीच्या रिबेका रूबेन यांनी १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत सर्वांत पहिला क्रमांक पटकाविला आणि पुढे त्याच इस्राएली शाळेच्या त्या अनेक वर्षे मुख्याध्यापिका होत्या. या दोघींना घरातून शिकू दिले गेले, हे त्यांचे भाग्य. आम्ही हे मुद्दाम लिहितो. नुसत्या हुशारीने कुणी वर येत नाही. कुणीतरी फी भरलेली असते, कुणीतरी स्थळ परत पाठविलेले असते. तितकीच हुशार दुसरी एखादी मुलगी नवगावात किंवा रेवदंड्यात घाण्यापाशी राहिली असेल, तिचे नाव कोण लिहिणार?

जेरुशाबाई ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि १९१२ मध्ये एल. एम. अँड एस. झाल्या. पदवी हाती आली, पण मनातली जागा अजून दूर होती. स्त्रियांच्या रुग्णालयांतील वरच्या जागा बहुतेक युरोपियन बायकांकडे असत. काळ्या माणसाला ही जागा नाही, असे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसे. कागदावर असे ते विलायती पदवीचे कलम. विलायती पदवी घ्यायची तर विलायतेला जायला पाहिजे, आणि तिकडे जायला पैसा पाहिजे. सरकारची शिष्यवृत्ती होती खरी, पण तोपर्यंत ती एकाही स्त्रीला मिळालेली नव्हती. म्हणजे एका दारावर रंगाची पाटी आणि दुसऱ्या दारावर बाईमाणसाची, आणि दोन्ही पाट्या अशा शाईने लिहिलेल्या की ज्याला त्या लागू नाहीत त्याला वाचताच येऊ नयेत. आपल्याला जे फुकट मिळते ते दिसत नाही; ज्याला मिळत नाही त्यालाच ते दिसते.

जेरुशाबाई खचल्या नाहीत. टाटांच्या निधीतून शिक्षणासाठी कर्ज मिळाले आणि १९१४ मध्ये त्या लंडनला गेल्या. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. लढाईच्या दिवसांत परक्या शहरात एकट्या मुलीने राहणे सोपे नव्हते. परंतु या युद्धाने एक चमत्कार केला. पुरुष डॉक्टर आघाडीवर गेल्याने लंडनच्या रुग्णालयांना स्त्रियांची गरज भासू लागली. काल ज्या कामाला बाई नालायक होती, त्याच कामाला ती आज लायक ठरली. युद्ध संपून पुरुष परत आले तेव्हा त्यांतील कित्येक ठिकाणी दारे पुन्हा बंद झाली. लायकी बदलत नव्हती, गरज बदलत होती.

पुढे हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती जेरुशाबाईंना मिळाली. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. १९१९ मध्ये त्या लंडन विद्यापीठाच्या प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग या विषयातील एम. डी. झाल्या. मायदेशी परत येऊन काही काळ बंगलोर येथे काम केल्यावर त्या मुंबईस आल्या, आणि १९२० चे दशक संपता संपता कामा हॉस्पिटलचा कारभार त्यांच्या हाती आला. एडिथ पेची यांच्यापासून अॅनेट बेन्सन यांच्यापर्यंत ज्या खुर्चीवर ब्रिटिश डॉक्टरणी बसत आल्या होत्या, त्या खुर्चीवर एक बेने इस्राएल भगिनी बसली. १९४७ पर्यंत त्यांनी ते काम सांभाळले. लहानपणचा निश्चय असा खरा झाला.

येथे कुणी म्हणेल, एका बाईला मोठी जागा मिळाली, त्याचे एवढे काय? आम्हालाही हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. जागा मिळाल्यावर माणूस काय करतो यावरच त्याची पारख होते. पुष्कळ माणसे बंद दारातून मोठ्या कष्टाने आत शिरतात आणि आत गेल्यावर तेच दार मागे लावून घेतात. जेरुशाबाईंनी तसे केले नाही. मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात, याचा त्यांनी पद्धतशीर तपास केला, आणि त्याचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. आज असा तपास म्हणजे रोजचे काम वाटते. त्या वेळी बाळंतपणात बाई गेली तर तिचे नशीब, असे म्हणून चार दिवस रडून लोक गप्प बसत. नशीब म्हटले की कुणाला जाब विचारता येत नाही. कारण लिहून काढले की जाब विचारता येतो. रक्तस्राव, बाळंतज्वर, झटके, अंगात रक्त नसणे ही कारणे दिसू लागली की मग नळाचे पाणी, चाळीतली अंधारी खोली, पोटभर अन्न आणि वेळेवर डॉक्टर या गोष्टीही बोलाव्या लागतात. गिरणी कामगाराच्या बायकोचा जीव हा सरकारी कागदावर मांडण्याजोगा विषय आहे, असे ठरविणे हीच मोठी गोष्ट होती.

आणखी एक बाब सांगण्याजोगी आहे. त्या काळच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख डॉ. मिस झिराड असा येतो. त्यांनी लग्न केले नाही. पुरुष डॉक्टरचे लग्न झाले की नाही, हे त्याच्या नावापुढे कुणी लिहीत नसे. बाईने कितीही पदव्या मिळविल्या तरी ती कुणाची तरी पत्नी आहे की नाही, ही खूण तिच्या नावाला चिकटलेली असे. आपल्या समाजात अविवाहित बाईकडे पाहण्याची दृष्टी वाचकांना आम्ही सांगायला नको. घरच्या समारंभात तिला कामाला बोलावीत, मानाला नाही. जेरुशाबाईंनी आपल्या कामाने ती दृष्टी थोडीतरी बदलायला लावली. ज्या बाईने संसार केला नाही, तिच्या हाती हजारो संसारांची बाळंतपणे सुखरूप पार पडली.

धर्माच्या बाबतीतही त्यांनी धीर दाखविला. लंडनमध्ये त्यांचा उदारमतवादी यहुदी मंडळींशी संबंध आला होता. तेथे लिली मॉन्टेग्यू यांच्यासारख्या स्त्रिया धर्मकार्यात पुढे होत्या. १९२५ मध्ये जेरुशाबाईंच्या पुढाकाराने मुंबईत ज्युईश रिलिजस युनियनची स्थापना झाली. बायकांनी वर माडीवर बसून खालची उपासना नुसती पाहावी, याऐवजी स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून, समजणाऱ्या भाषेत प्रार्थना करावी, असा त्यांचा विचार. तो सर्वांना पटला नाही. आजही आपल्या वाचकांत दोन्ही मतांची मंडळी आहेत आणि जुन्या रीतीवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांचा आम्ही आदर करतो. पण प्रश्न विचारणारी बाई नास्तिक नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. प्रार्थना समजावी म्हणून ती भांडत होती.

आता आपल्या घरातलीच एक गोष्ट, जी बोलायला अवघड आहे. इंग्रजांनी आपल्याला काळे म्हणून खाली बसविले, हे आपण रागाने सांगतो. मुंबईतील बगदादी यहुदी मंडळींपैकी अनेकांनी आपल्याला मिन्यानमध्ये मोजायला का-कू केली, १८३६ मध्ये कबरस्तानातसुद्धा मध्ये भिंत मागितली, हेही सांगतो. परंतु आपणच आपल्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग केले होते, हे सांगताना आवाज खाली जातो. नावात रंग असला तरी मुद्दा रंगाचा नव्हता, आईच्या कुळाचा होता. बाप बेने इस्राएल आणि आई बाहेरची, अशा घरातली मुले काळी. त्यांच्याशी सोयरीक नाही आणि पंगतीला अंतर. वागला बाप, पण ठपका आईवर आणि मुलानातवंडांवर.

या पेरणीचे पीक आपल्याच पदरात पडले. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बिनेटने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आईची, आजीची, तिच्याही मागची वंशावळ तपासावी असे फर्मान काढले. तेव्हा आपल्या माणसांनी येरुशलेममध्ये ठाण मांडले, आणि १९६४ मध्ये ते फर्मान बदलावे लागले. ज्यांना तो अपमान आठवतो त्यांना विचारा, की पुन्हा प्रश्न आईचाच का आला? वंशाची शुद्धता असो, घराण्याची अब्रू असो की धर्माची मर्यादा असो, तिचे ओझे शेवटी बाईच्या देहावरच ठेवलेले आढळते. जेरुशाबाईंनी आयुष्यभर त्याच देहाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. समोर खाटेवर आहे ती कुणाची लेक, कुणाची सून, कोणत्या जातीची, गोरी की काळी, हे नंतर. आधी ती जगली पाहिजे.

त्यांना मानसन्मान पुष्कळ लाभले. ब्रिटिश सरकारने १९४५ मध्ये एम. बी. ई. हा किताब दिला. १९४७ मध्ये त्या लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्सच्या फेलो झाल्या. असोसिएशन ऑफ मेडिकल विमेन इन इंडिया या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. स्वतंत्र भारताने १९६६ मध्ये पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. आपले पुष्कळ लोक इस्राएलला निघून गेले तरी त्या मुंबईतच राहिल्या. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी देह ठेवला.

जेरुशाबाई काही गरीब घरातून, निराधार अशा वर आलेल्या नव्हत्या. शाळा, इंग्रजी भाषा, मुंबईसारखे शहर, टाटांचे कर्ज, हे सारे त्यांना लाभले आणि इतर लाखो बायकांना लाभले नाही. त्यांचे मोठेपण यात आहे, की जे मिळाले ते आपला जन्मसिद्ध हक्क आहे असे त्या समजल्या नाहीत. ते ऋण होते आणि त्यांनी ते बाळंतिणींच्या खाटेपाशी उभे राहून फेडले.

आपणही इकडे येऊन आता बऱ्यापैकी स्थिरावलो आहोत. शॉमबर्गमध्ये आमच्या मुलांना चांगली शाळा मिळते, ती ज्या पत्त्यावर आम्ही राहतो त्या पत्त्यामुळे. शिकागोच्या दक्षिणेकडच्या काळ्या वस्तीतील तितकेच हुशार मूल त्या शाळेत येऊ शकत नाही, आणि येथेही कुठे तसे लिहिलेले नाही. शेजारी रंगाचा वेगळा आला की आपल्यापैकी काही जण मराठीत हळूच काय बोलतात, तेही आम्ही ऐकले आहे. मुलाच्या नोकरीसाठी गाव बदलायला सगळे तयार, आणि सुनेच्या नोकरीची गोष्ट निघाली की मुलांचे कसे होणार हा प्रश्न, हे अजून चालू आहे. लग्न न केलेली मुलगी, किंवा ज्याचे मन कुणावर जडावे ते आपल्या रीतीप्रमाणे जडले नाही असा मुलगा, त्यांना शाबाथच्या टेबलावर आपण जागा देतो की त्यांचे नाव टाळतो, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. आम्ही कुणाचा न्याय करायला बसलेलो नाही. आमच्याही घरी हे प्रश्न आहेत.

पुढच्या वेळी दवाखान्यात भारतीय नावाच्या डॉक्टरीणबाई भेटल्या तर सोबतच्या नातवंडाला एवढे जरूर सांगावे, की आपल्या झिराड गावच्या आडनावाची एक बाई होऊन गेली, आणि ती ज्या दारातून आत गेली ते तिने मागच्यांसाठी उघडे ठेवले.

परमेश्वर कै. डॉ. जेरुशा झिराड यांच्या आत्म्यास चिरशांती देवो. आमेन.